घार्गेसाहेब आणि छत्तीस बीम

घार्गेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट धरून हलवायचे. मग खुर्ची. खुर्चीत बसल्यावर समोरचं टेबल. चहाची कपबशी तेवढी त्यांनी आयुष्यात सोडली असेल, बाकी कशाला सोडलं नाही. उंब्रजला एका लग्नात बोलता बोलता त्यांनी मांडवाचा खांब धरला आणि सवयीनं दोन हिसके दिले. मांडव सनईवाल्यांच्या अंगावर आला. कुणाला लागलं नाही, नुसतं कापड आणि चार वासे. पण नवरदेवाचा मामा हातघाईवर आला. साहेब शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मी न्हाई हलवला तर वाऱ्यानं हलवला असता. तवा खाली अक्षता चालू असत्या." मामाला हे पटलं नाही. मला तर मुळीच पटलं नाही, कारण मी नव्या साडीत होते आणि एक वासा माझ्या पायाशी येऊन पडला होता.

सांगलीत गणपती पेठेच्या मागं, एका भुसार दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक तिरका ड्रॉइंग बोर्ड, खालून येणारा मिरचीचा खकाणा आणि आम्ही दोघं. साहेब इमारतींचा सांगाडा डिझाइन करायचे, म्हणजे खांब किती जाड, बीममध्ये सळई किती, हे ठरवायचे. आणि मी, सुमन साळुंखे, त्यांच्या पेन्सिलीच्या कच्च्या कागदावरून ट्रेसिंग पेपरवर शाईनं पक्का नकाशा काढायची. मी तेव्हा तिशीची. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, आणि एका कचेरीत पाच वर्षं रेघा ओढून आलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला बाईमाणूस ड्रॉइंग बोर्डावर म्हणजे लोक जिना चढून बघायला यायचे. एकदा खालचा दुकानदार आपल्या व्याह्यांना घेऊन आला होता. साहेबांनी त्या दोघांना खुर्च्या दिल्या, त्याआधी त्या हलवल्या, आणि म्हणाले, "बसा. बाईंची रेघ बगा. पर बोलू नगा, रेघ बिघडतीया."

माझी रेघ चांगली होतीच, पण माझं अक्षर! ते सांगायला हवं, मी गर्विष्ठ वाटले तरी. नकाशावरचं माझं अक्षर असं की लोक म्हणत, हे हातानं लिहिलंच नाही. एका शीटवर कुठं गर्दी नको, कुठं ढीग नको, सगळं कसं निवांत बसलेलं हवं, असा माझा हट्ट असे. एक अक्षर वाकडं गेलं तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडून पुन्हा लिहायची. साहेब म्हणायचे, "बाई, ह्यो नकाशा हाय, लग्नपत्रिका न्हवं." मी ऐकायची नाही.

साहेब वडूजकडचे, खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू रानातले. वयानं पन्नाशीच्या आसपास, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात आकडेमोडीची स्लाइड रूल आणि पॅंटच्या खिशात शेंगदाणे. शिकले डिप्लोमापर्यंत, पण पुण्यामुंबईचे डिग्रीवाले त्यांच्यापुढं सांभाळून बोलत. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावचंच. आधी ते सरकारी नोकरीत होते. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांना पाटणच्या बाजूला पडक्या इमारतींची यादी करायला पाठवलं होतं. तिथं त्यांनी एक इमारत पाहिली. भिंती बऱ्यापैकी उभ्या, बीम एका तुकड्यात शाबूत, फक्त तो भिंतीवर नुसता टेकवलेला होता आणि धक्क्यासरशी घसरून खाली आला होता. "बीम मोडला न्हवता, बाई," ते मला सांगत. "तुटफूट न्हाई, चीर न्हाई. नुसता सुटला." त्या बीमखाली कोण होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर ते उठून खिडकीचे गज हलवत उभे राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांचं एकच बोलणं: "भार सगळीच वाहत्यात. धरून कोण ठिवतंय ते बगा." कुठल्याही गोष्टीला ते हेच लावायचे. माझ्या भावाचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा हेच म्हणाले आणि मला राग आला.

आता गंमत अशी की ज्या माणसाला सुटलेल्या बीमची एवढी धास्ती, त्यानंच सगळी इमारत सुट्या तुकड्यांची करायचं डोक्यात घेतलं. खांब, बीम, स्लॅबच्या लाद्या, सगळं आधी जमिनीवर साच्यात ओतायचं, पाणी मारून पिकवायचं, मग क्रेननं उचलून जागेवर बसवायचं. प्रीकास्ट म्हणतात त्याला. आमच्या भागात कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?" ते म्हणाले, "जागेवर ओतल्यालं काँक्रीट मिस्त्री सांजच्याला कसं ओततोय, दिसतंय का कुणाला? साच्यातलं डोळ्यापुढं असतंय. फिरून बघता येतंय. राहिला सांधा. सांधा मी बांधतो की."

उंब्रजजवळ हायवेला ऊसवाल्यांच्या एका सहकारी संघाचं कार्यालय व्हायचं होतं. तीन मजली. चेअरमन आबा म्हणजे नदीकाठचे बागायतदार, एक मुलगा पलटणीत, आवाज असा की फोनशिवाय साताऱ्याला ऐकू जावा. धरणाच्या कामावरून सुटलेली एक जुनी क्रेन त्यांना वीस दिवसांसाठी मिळणार होती. तीच साहेबांची संधी. पण पंचमंडळींना साच्यातली इमारत समजवायची कशी?

साहेबांनी बैठकीला नकाशा नेलाच नाही. ज्वारीची वाळलेली ताटं नेली. आमच्याकडची पोरं ताटाचं भेंड सोलून त्याच्या बैलगाड्या करतात, तसं त्यांनी भेंडाचे खांब, भेंडाचे बीम करून सगळ्यांसमोर तीन मजले रचले. रचून झाल्यावर टेबल धरून हलवलं. इमारत पसरली. मंडळी हसली. आबा म्हणाले, "घार्गे, ह्ये दाखवाय बोलिवलं व्हय आमाला?" साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात बाभळीचे काटे. पुन्हा रचताना प्रत्येक सांध्यात वरून एक काटा खोचला. मग आबांना म्हणाले, "आबा, आता तुमी हलवा." आबांनी आधी एका हातानं हलवलं, मग दोन्ही हातांनी, मग उभं राहून. टेबलाचा पाय करकरला, इमारत तशीच. आबा बसले. "आन ह्ये काटं खऱ्या इमारतीत कुटं असत्यात?"

"बीमच्या डोक्यावर," साहेब म्हणाले.

ते कसं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बीमच्या आत सळईच्या रिंगा असतात. साहेबांच्या बीममध्ये त्या रिंगांची डोकी वर चार बोटं बाहेर ठेवायची होती. बीमची वरची बाजू मुद्दाम खडबडीत, ओबडधोबड ठेवायची. बीम खांबाच्या टेकूवर बसला, त्याच्यावर दोन्हीकडून लाद्या बसल्या, की सगळ्यावरून जागेवर काँक्रीट ओतायचं. ते त्या खडबडीत अंगाला चिकटणार, रिंगांची डोकी त्यात रुतणार, आणि सुटे तुकडे एक होणार. बीम गुळगुळीत राहिला आणि रिंगा आत गेल्या, तर वरचं काँक्रीट नुसतं पांघरूण. धरणार काही नाही.

साहेबांनी कच्च्या कागदावर बीम काढला आणि बाण काढून टीप लिहिली: वरची बाजू खडबडीत ठेवणे, रिंगा उभ्या सोडणे.

मी शीट काढायला घेतलं. त्या कोपऱ्यात आधीच मापं, सळयांचे नंबर, दोन बाण. तिथं ती टीप घातली असती तर नुसती दाटी. मी ठरवलं, ती पुढच्या शीटवर, सर्वसाधारण सूचनांमध्ये ऐसपैस लिहावी. पुढचं शीट चार दिवसांनी काढलं. तोवर माझ्या डोक्यातून ती गेली. एवढंच. मी काही त्या आठवड्यात आजारी नव्हते, की घरात कुणाचं काही नव्हतं. सबब सांगायला काहीही नाही. शीट सुंदर दिसत होतं आणि साहेबांनी त्यावर सही केली. त्यांनी बारकाईनं बघायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण पाच-सहा वर्षांत माझ्या शीटमध्ये त्यांना काही सापडलं नव्हतं, त्यामुळं ते आता माझ्या शीटकडं देवाच्या फोटोकडं बघतात तसे बघायचे.

बीम ओतायला सुरवात झाली आणि साहेबांना कावीळ झाली. ते तीन आठवडे गावाकडं अंथरुणावर. निरोप धाडला, "शीटवर सगळं हाय. शीट बगून करा."

साच्यांवरचा मिस्त्री सिदू, जतकडचा. बापजादे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे, हा मात्र करणी-थापीत रमलेला. कानडी मुलखाच्या शिवेवरचा, मला अक्का म्हणायचा. हाताला इतका साफ की त्यानं घोटलेल्या फरशीत तोंड बघून घ्यावं. त्यानं शीट बघितलं. रिंगा रेघेच्या जरा वर दिसतात, पण लिहिलेलं काही नाही. त्याला वाटलं, सळईवाल्यानं रिंगा लांब कापल्यात. त्यानं त्या हातोडीनं ठोकून आत निजवल्या, आणि वरून सिमेंट फिरवून बीमची डोकी अशी घोटली, अशी घोटली, की यंव. एक नव्हे, छत्तीस.

कावीळ उतरल्यावर साहेब पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा मी बरोबर होते. डोळे अजून पिवळे, हातात पथ्याचा डबा. नदीच्या बाजूच्या मोकळ्या रानात बीम ओळीनं मांडलेले, उन्हात चकाकत होते. सिदू पुढं आला, कमरेचा पंचा सोडून त्यानं एका बीमवरची धूळ पुसली. "हात फिरवा, साहेब. कातरल्याल्या मेंढराची पाठ बगा नुसती."

साहेबांनी हात फिरवला. एका बीमवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मग तिथंच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. ते म्हणाले, "लय सुरेख झालंय, सिदू. आजवर असलं बगितलं न्हवतं." आणि बसल्या जागेवरून पुन्हा एकदा हात फिरवून, "आता ह्ये सगळं फोडायचं."

आणि तेव्हा मला टीप आठवली. तिथं, त्या उन्हात, अगदी अक्षरासकट आठवली.

सिदू आधी हसला. मग कळलं की हे खरं आहे. तो चिडला. "फोडायचं? माझ्या हातानं? शीटवर कुटं लिवलंय खडबडीत ठिवा म्हून? दावा." साहेबांनी शीट मागितलं. उघडलं. बराच वेळ बघितलं. मी त्यांच्यामागं उभी होते. त्यांनी शीट घडी करून सिदूच्या हातात दिलं आणि म्हणाले, "न्हाई लिवल्यालं. तुजी चूक न्हाई गड्या. माजी हाय."

संध्याकाळच्या आत आबा आले. क्रेन चार दिवसांवर आली होती. आबांचं म्हणणं साधं होतं: दिसायला झकास आहेत, वजन पेलतील, तर चढवा. "घार्गे, भार तर वाहत्याल न्हवं?"

"वाहत्याल," साहेब म्हणाले.

"मग झालं की!"

"धरणार न्हाईत, आबा. आन हितनं कोयना किती लांब हाय, ते तुमाला सांगाय नगं. वर साठ माणसं बसणार हाईत तुमची."

"आवं, कोण बगतंय वरनं काँक्रीट पडल्यावर?"

"म्हून तर," साहेब म्हणाले. "कोण बगत न्हाई म्हून तर."

आबांनी मग आवाज चढवला, चार माणसांत नको ते बोलले, कावीळ डोक्यात गेली म्हणाले. साहेबांनी पथ्याचा डबा बाजूला ठेवला, टोपी काढून डब्यावर ठेवली, एका गड्याच्या हातातली छिन्नी-हातोडी घेतली आणि पहिल्या बीमचं घोटलेलं अंग खडबडीत करायला टोचे मारायला लागले. आजारातून उठलेला माणूस. दहा घावांत घामेजला. सिदू लांब पाठ करून विडी ओढत होता. ठक ठक आवाज येत होता. सिदूनं अर्धी विडी टाकली, येऊन साहेबांच्या हातातली हातोडी काढून घेतली. "सरा बाजूला, साहेब. आसं मारत्यात व्हय टोचं? तुमी अजून बिघडवशीला." आणि त्यानं आपल्या हातानं घोटलेलं आपल्या हातानं टोचायला घेतलं. मी त्याचं तोंड बघू शकले नाही.

निजवलेल्या रिंगा उकरून पुन्हा सरळ करायच्या होत्या. सळई एकदा वाकवून परत सरळ केली की कधी मोडते. नऊ बीममध्ये रिंगा मोडल्या. साहेबांनी ते नऊही बाद केले आणि वर गेरूनं फुल्या मारल्या. क्रेन आली, तिनं आधी खांब उभे केले, तोवर बाकीच्या सत्तावीसांची डोकी ओबडधोबड होत गेली. पण नऊ नवे बीम पिकेपर्यंत क्रेनचे दिवस संपले आणि ती गेली. ते नऊ, आणि त्यांच्यावरच्या लाद्या, सिदूच्या माणसांनी चेनपुली लावून, इंच इंच करत तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. महिना गेला त्यात. आबांनी उद्घाटनाच्या सभेसाठी छापलेल्या पत्रिका फुकट गेल्या.

आणखी एक अडचण होती. आमच्याकडं स्लॅब पडला की कामावरच्या माणसांना जेवण असतं, मटणाचं. ह्या इमारतीत एकदम स्लॅब पडायचा दिवसच नाही. लाद्या आपल्या रोज थोड्या थोड्या बसताहेत. माणसं कुरकुरायला लागली, की ही कसली इमारत, हिला जेवणच नाही. आबा त्या वेळी कुणाला पाणी पाजायलाही तयार नव्हते. साहेबांनी वरचं काँक्रीट ओतून सांधे बांधायचा दिवस ठरवला, आबांना गाठलं आणि म्हणाले, "आज इमारत एक झाली. आजचा दिस जेवणाचा." आबा रागात होते, पण रीत ती रीत; दोन बकरी पाठवली. साहेबांना पथ्य. ते सिदूच्या शेजारी बसून ताक-भात जेवले.

इमारत उभी राहिली. चांगलीच राहिली. पण संघाचं शिराळ्याकडचं दुसरं कार्यालय आणि कामगारांची वसाहत, जी आम्हालाच मिळणार होती, ती आबांनी पुण्याच्या एका कंपनीला दिली. पत्रात लिहिलं, "आपल्या नकाशातील चुकीमुळे." त्याच कामाच्या भरवशावर साहेब एक प्रीकास्टचा कायमचा कारखाना काढणार होते. मिरजेच्या रस्त्याला जागा बघितली होती. तिथल्या कुंपणाचा खांबसुद्धा हलवून आले होते. ते सगळं बारगळलं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि फायलीत लावलं. "बरुबर लिवलंय," एवढंच म्हणाले.

मी काही बोलले नाही. बोलायचं रोज ठरवायची. जिना चढताना शब्दसुद्धा जुळवायची. वर आले की साहेब शेंगदाण्यांची पुडी पुढं करायचे, "घ्या बाई," आणि मी चार दाणे घेऊन बोर्डाकडं वळायची. नोकरी जाईल ही भीती होती का? थोडी होती. खरी भीती वेगळी होती. माझ्या शीटकडं ते जसे बघायचे, तसे मग बघणार नाहीत, ही.

पत्र आलं त्यानंतरच्या आठवड्यात मी एक नवं शीट पुढं ठेवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बाई, हितनं पुढं म्या सही करायच्या आदी, खाली कोपऱ्यात तुमचं नाव लिवत चला. समदं. सुमन साळुंखे." तोवर शीटवर एकट्या साहेबांची सही असायची. मी विचारलं, "कशाला?" म्हणाले, "लिवा की. अक्षर चांगलं हाय तुमचं." घरी आईला वाटलं बढती झाली, तिनं शिरा केला. मला तो गिळवेना. पण तेव्हापासून एक झालं. नाव लिहायच्या आधी मी शीट पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले, त्यांच्या कच्च्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून. आपोआपच.

दोन-अडीच वर्षांनी कोयनेच्या बाजूनं धक्का बसला. आमच्या भागात धक्के बसतातच, पण हा खणखणीत होता. सांगलीत माझ्या बोर्डवरून शाईची बाटली घरंगळली. सकाळचे अकरा, म्हणजे संघाच्या कार्यालयात सगळे कारकून टेबलावर. साहेब उठले. टोपी घातली आणि जिना उतरले. मी दाराला कुलूप लावून त्यांच्यामागं पळाले. एस.टी. इस्लामपूर, कऱ्हाड करत उंब्रजला जाईपर्यंत त्यांनी एक शेंगदाणा खाल्ला नाही. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात छत्तीसपर्यंत मोजत होते, आणि सत्तावीसपाशी येऊन अडत होते.

इमारत लांबून दिसली, उभी. कारकून मंडळी अंगणात चहा पीत होती. साहेब आत गेले. सिदू संघाच्या डागडुजीवर कायमचा लागला होता, तो शिडी घेऊन आला. दोघांनी एकेका खांबाशी शिडी लावून प्रत्येक सांधा बघितला. साहेब चढायचे, डोळा लावायचे, बोट फिरवायचे, उतरायचे. गुडघे धरून उतरायचे. छत्तीसच्या छत्तीस बीम. कुठं केसाएवढी चीर नव्हती. शेवटचा झाल्यावर साहेब शिडीच्या खालच्या पायरीवर बसले, तर सिदू म्हणाला, "माज्या टोच्यांनी धरलं बगा, साहेब." साहेब म्हणाले, "व्हय रं गड्या. तुज्याच टोच्यांनी." सिदू मला म्हणाला, "अक्का, लय जीवावर आलं हुतं त्या वक्ती. शिव्या दिल्त्या मी साहेबाला, कानडीतनं." मी भिंतीकडं तोंड करून पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात आबा आले. त्यांनी काही माफी वगैरे मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. खांबाला हात लावून म्हणाले, "घार्गे, शेजारची जुनी चावडी फाटली, आन ह्ये तुमचं हाय तसं हाय." मग आत ओरडून चहा सांगितला. तेव्हाही मी बोलू शकले असते. आबांसमोर, सिदूसमोर. नाही बोलले.

दशक संपता संपता साहेबांनी ऑफिस बंद केलं. गुडघे गेले होते, जिना चढवेना. गावाकडं शाळेच्या दोन खोल्या व्हायच्या होत्या, त्या बघतो म्हणाले. मला कऱ्हाडला एका इंजिनिअरकडं स्वतः बोलून लावून दिलं. ते निघाले त्या दिवशी मी सांगलीच्या स्टॅंडवर गेले. एक ट्रंक, एक वळकटी आणि स्लाइड रूल. वडूजच्या गाडीत चढून त्यांनी आधी बाकाची पाठ हलवली, मग बसले. मी खिडकीखाली उभी. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. इंजिनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं.

"साहेब, संघाच्या बीमची ती टीप मी गाळली होती! तुम्ही लिहून दिली होती. मी शीटवर घेतली नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता सांगताय व्हय?"

"हो."

"मला साइटवरच कळलं हुतं. लिवताना हात माजाच हुता न्हवं, इसरंन कसा?"

"मग बोलला का नाही? आबांना, कुणाला तरी? तुमचा कारखाना गेला, साहेब!"

"सही कुणाची हुती त्यावर?"

"तुमची."

"मग." जरा खिडकीतून वाकले. "बोललो असतो तर तुमी रेघ भिऊन वडली असती, बाई. नाव लिवाय लावलं, तवापास्नं येक तरी टीप ऱ्हायली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. रडत होते, चारचौघांत, आणि त्याची काही लाज वाटली नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. साहेबांनी शेंगदाण्यांची पुडी खिडकीतून माझ्या हातात दिली. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. माझ्या नजरेला शेवटचे पडले ते असे: म्हातारा दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून हलवून बघतोय, आणि शेजारचा पागोटेवाला त्याला काहीतरी विचारतोय.